लातूर पडले, त्यानंतर

फौजेचा हिशेब सांगायला फार वेळ लागत नाही. १३ सप्टेंबर १९४८, सोमवार. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींची भारतीय फौज पहाटे सोलापूरकडून हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरली. त्याच सकाळी नळदुर्ग पडला आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. तुळजापूरला दोनेक तास झुंज झाली. १५ तारखेला जालना घेतल्यावर फौज लातूर-मोमिनाबादकडे वळली. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई. तिथल्या गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रे खाली ठेवली. शुक्रवारी, १७ तारखेला, निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती.

शाळेत मी इतिहास शिकवायचो तेव्हा धडा इथेच संपायचा. पुढे झेंडावंदन आणि मुक्तिसंग्रामाची भाषणे. पण लातूरकरांची गोष्ट खरी या तारखेनंतरच सुरू होते, आणि ती सांगायची तर आधीचेही सगळे सांगावे लागते. अर्धी सांगणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत.

रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, पुढारी कासीम रझवी लातुरातलाच वकील. इथल्या कोर्टात वकिली करणारा हा माणूस पुढे लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गोष्टी करू लागला. गावोगाव वसुली सुरू झाली. जिथे मुकाट पैसे दिले तिथे निभावले, नाही तिथे घरे जळाली. बिलोलीजवळ अर्जापूरला निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या गोविंदराव पानसऱ्यांना १९४६ मध्येच मारले होते. इकडे त्या चळवळीचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या माणसांनी हद्दीबाहेर कॅम्प उभे केले आणि ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातली उमरी बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला.

माझे आजोबा लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, एका आडतीवर मुनीम होते. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने त्यांनी आजीला आणि पोरांना बार्शीला पाठवले, कारण बार्शी म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आता हिंदुस्थानचा. आजी सांगायची, ज्वारीचे पीठ आणि एक ट्रंक एवढेच घेऊन निघालो. दागिने चुलीमागे पुरले होते. बार्शी-सोलापूरकडे अशी कितीतरी बिऱ्हाडे गेली होती. फौज आली तेव्हा लोकांना सुटल्यासारखे वाटले. ते वाटणे खोटे नव्हते.

लातूरची गोलाई १९१७ ची, सोळा रस्ते फुटणारी. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी आखलेली आणि मध्यभागी जगदंबेचे देऊळ असलेली. भुसार, कापूस, करडई, सगळा व्यापार तिच्याभोवती. त्यात कच्छी मुसलमान व्यापारी मातब्बर होते, आणि आजोबांच्या आडतीच्या उलाढालीचा निम्मा पैसा त्यांच्याकडून यायचा. रझाकाराची टोपी त्यांतल्या बहुतेकांनी कधी घातली नव्हती, असे आजोबा म्हणत.

फौज आल्यानंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेची चौकशी करायला नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबरात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे तिने सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. लातुरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार समितीला शहरात दिसले. हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. साऱ्या संस्थानातला आकडा तिने किमान २७ ते ४० हजार धरला. फौज आणि पोलिसांतल्या काहींनी जमावाला लुटीसाठी चिथावले, काही ठिकाणी भाग पाडले, असेही लिहिले. आणि हिंदू साळ्यांनी मोमीन विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवले, हेही लिहिले. हा अहवाल कितीतरी वर्षे दप्तरात बंद होता.

तारखा जुळवून पाहा. पौर्णिमा १८ सप्टेंबरला, त्यानंतर पितृपक्ष. ज्या पंधरवड्यात घरोघरी पितरांना पाने वाढली जात होती, त्यातच हे चालले होते. मारणारे बाहेरून आलेलेही होते, पण कोणत्या दुकानात किती माल आहे आणि मागच्या बोळाचे दार कुठे उघडते, ही माहिती गाववाल्याशिवाय कोणाकडे असते?

आजोबांची त्या सालची खतावणी माझ्याकडे आहे. मोडी लिपी, लाल कापडी पुठ्ठा, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. हाली आणि कलदार असे दोन्ही रुपये वेगवेगळे मांडलेले, कारण निजामाचे हाली नाणे निराळे होते. कच्छी व्यापाऱ्यांची पाने भाद्रपदापर्यंत नेटकी भरलेली: करडईची पोती, वजन, हमाली, तोलाई, बाकी. पुढे रिकामे. दिवाळीला नवी वही घातली तेव्हा मागील बाकी पुढे ओढायची रीत असते. या खात्यांची ओढलेलीच नाही. यातल्या काहींचे आमच्या पेढीकडे घेणे निघत होते, म्हणजे पैसे आम्हीच त्यांना देणे लागत होतो. मी आजोबांना विचारले होते. ते म्हणाले, "द्यायला माणूस कुठं होता, बाळा?" माणूस शोधला होता का, हे मी विचारले नाही.

लढणाऱ्यांचे काय झाले तेही पाहू. निजामाचे सरसेनापती एल एद्रूस १८ तारखेला चौधरींपुढे शरण आले. स्वतः निजाम उस्मान अली १९५० मध्ये राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर होता. कासीम रझवीवर खटला चालला, तुरुंगवास झाला. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. म्हणजे ज्याच्या नावाने लातूर पेटले त्याला वकील मिळाला, कोर्ट मिळाले, शिक्षेला मुदत मिळाली. गंजातल्या करडईच्या व्यापाऱ्याला यातले काहीच मिळाले नाही. सतरा सप्टेंबरच्या भाषणात त्याच्यासाठी दोन वाक्ये असावीत, असे मी मुख्याध्यापकांना एकदा सुचवले होते. ते म्हणाले, "सर, कार्यक्रम अर्ध्या तासाचा आहे."