समुद्रातले देऊळ

त्रिनिदाद म्हटले की आमच्या पिढीला सर्वांत आधी आठवतो तो सुनील गावसकर. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर त्याचे कसोटी पदार्पण झाले आणि त्याच सामन्यात भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवले. मालिकेचा शेवटचा सामनाही तिथेच झाला. त्यात त्याने १२४ आणि २२० धावा काढल्या. तिथल्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने त्याच्यावर कॅलिप्सो गीत रचले, ते आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. म्हणून कॅरेबियन बेटांपैकी एकावर सुट्टीत जायची संधी आली तेव्हा मी त्रिनिदाद निवडले. समुद्रकिनारा पाहायला गोवेकराने अर्धी पृथ्वी ओलांडून कशाला जायचे? मला पाहायची होती तिथली माणसे.

एक योगायोग सांगतो. वास्को द गामा कालिकतला पोचला ते साल १४९८. त्याच वर्षी, जुलैच्या अखेरीस, कोलंबसला आपल्या तिसऱ्या सफरीत हे बेट दिसले. आपल्या आणि त्यांच्या नशिबाची चक्रे अशी एकाच वर्षी फिरू लागली. बेट आधी स्पेनकडे होते, १७९७ मध्ये ते इंग्रजांनी घेतले. मधल्या काळात फ्रेंच मळेवाले आले, त्यांनी आपले गुलाम आणले आणि आपला कार्निव्हलही आणला.

गुलामगिरी कायद्याने १८३४ मध्ये संपली. पुढची सक्तीची उमेदवारी १८३८ मध्ये संपली आणि मोकळे झालेले लोक उसाच्या मळ्यांवर राबायला तयार होईनात. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘फतेल रझाक’ हे जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागले. त्यात सव्वादोनशेच्या आसपास मजूर होते. तेव्हापासून १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे अशी तिथे उतरली, बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली, काही मद्रासकडची. पाच वर्षांचा करार, म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’. त्या शब्दाचे मजुरांच्या तोंडी झाले ‘गिरमिट’. आपल्याकडे गिरमिट म्हटले की सुताराचे हत्यार आठवते. या शब्दानेही माणसांना भोके पाडलीच, असे म्हणावेसे वाटते.

पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या समुद्रात नेल्सन आयलंड हे लहानसे बेट आहे. १८६६ पासून जहाजातून उतरलेल्या मजुरांना आधी या बेटावर ठेवीत, तपासीत आणि मग मळ्यांवर वाटून देत. होडीने तिथे जाता येते. जुन्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत. पलीकडे हिरवे डोंगर दिसतात, थेट आपल्या काणकोणसारखे. तीन महिने बोटीत काढलेल्या माणसाला ते पाहून काय वाटले असेल? बरे वाटले असेल की पोटात गोळा आला असेल?

या गिरमिटाविरुद्ध दिल्ली-कलकत्त्याच्या सत्तेपुढे उभा राहिलेला एक आवाज आपल्या कोकणातला होता, हे फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही. मार्च १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. गोखले १९१५ साली वारले, आणि भरती थांबली १९१७ मध्ये.

आता त्या देवळाची गोष्ट. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉटरलू नावाचे गाव आहे. तिथे सेवदास साधू नावाचा मळ्यावरचा एक मजूर होता. त्याने १९४७ मध्ये किनाऱ्याजवळ एक छोटे देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडले गेले, सेवदासला चौदा दिवसांची कैद झाली आणि पाचशे डॉलर दंड झाला. तुरुंगातून सुटल्यावर या माणसाने काय करावे? समुद्रावर कंपनीची मालकी नव्हती. त्याने सायकलवरून दगडमाती वाहिली, ओहोटीच्या वेळी चिखलात भर घातली आणि पाण्यात देऊळ उभारायला घेतले. उरलेले आयुष्य त्याने यातच घालवले. पुढे लाटांनी झिजलेल्या त्या देवळाचा जीर्णोद्धार १९९५ मध्ये सरकारी मदतीने झाला, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा.

मी गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते, बाजूच्या स्मशानघाटावर कालच्या चितेची राख होती आणि बांबूंवर रंगीत झेंड्या फडफडत होत्या. तिथे पूजा झाली की घरापुढेही अशी झेंडी रोवतात. आपल्याकडे अंगणातल्या तुळशी वृंदावनावरून घर ओळखावे, तसे तिथे झेंडीवरून.

गोवेकर वाचकाला इथे काय आठवेल हे मी सांगायला नको. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदीपार प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. पण आपल्या देवांना नदीपलीकडे आदिलशाहीचा मुलूख तरी होता. सेवदासला पलीकडे काहीच नव्हते, म्हणून त्याने पलीकडची जमीनच तयार केली.

या बेटाचा इतिहास असाच आहे. १८८१ मध्ये कार्निव्हलमधल्या मशालींच्या मिरवणुकीवरून पोलीस आणि आफ्रिकन वंशाचे लोक यांच्यात दंगल झाली. मग ढोलांवर बंधने आली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला, पुढे पत्र्याचे डबे घेतले आणि अखेर तेलाच्या पिंपांतून स्टीलपॅन घडवला. १९९२ मध्ये तो राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झाला. हिंदी मजुरांच्या ताबुतांच्या मिरवणुकीला तिथे ‘होसे’ म्हणतात. त्यात हिंदूही असत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो शहरात शिरू पाहणाऱ्या या मिरवणुकीवर गोळीबार झाला. निदान सोळा माणसे मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. होसे मात्र आजही निघतो. आपल्या पणजीचा इंत्रूज बघताना यापुढे मला ही बेटावरची माणसे आठवतील.

सगळेच टिकले असे नाही. वॉटरलूच्या देवळात एक बाई भेटल्या. बोलणे इंग्रजीतच, पण मधूनच त्या ‘माय आजी’ म्हणाल्या आणि मी दचकलो. भोजपुरीत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. तो शब्द राहिला आहे, ‘आजा’ राहिला आहे, भाजी, रोटी, चोखा राहिले आहे. त्यांच्याकडे भजनांची वही होती, सगळी भजने रोमी अक्षरांत लिहिलेली. रोमी लिपी आपल्या गोव्याला नवी नाही, पण इथे प्रकार निराळा होता. बाई गोड गायल्या, उच्चारही बरेच शुद्ध. मग एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “याचा अर्थ काय हो?” मी सांगितला. त्यांनी तो पेन्सिलने ओळीखाली लिहून घेतला, इंग्रजीत.

त्यांच्या आजीला तो अर्थ कोणी सांगावा लागला नसता. आज तिथे भोजपुरी बोलणारी माणसे म्हातारी झाली आहेत आणि नातवंडे जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांतून आपले मूळ गाव शोधत असतात. वर्षातून एकदा कुलदेवतेच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्याला गाव आणि देव शोधावे लागत नाहीत. पण आपल्या घरातल्या ओव्या, आरत्या, अभंग यांचा अर्थ विचारला तर आपली मुले सांगू शकतील का? परत आल्यावर मी घरात तेवढा एकच प्रश्न विचारून पाहिला. तुम्हीही विचारून पाहा.