उपासना-संचालन (मराठी ख्रिस्ती)

ख्रिस्ती मंडळीच्या सामुदायिक उपासनेतील गीते, प्रार्थना, शास्त्रपाठ आणि दानार्पण यांचा क्रम पुढे उभे राहून चालविण्याची सेवा. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती पाळक, वडीलमंडळींपैकी कोणी किंवा गायनमंडळाचा प्रमुख करतो. नव्या स्वतंत्र मंडळ्यांत तरुण गायक-वादक ‘स्तुती-आराधना’ घेतात.

आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांना दावीदाने मंदिरातील गायनासाठी नेमले, असे जुन्या करारात पहिल्या इतिहासात आहे. शिकून तरबेज झालेले गायक २८८ होते. पाचारण आहे म्हणून तालमीतून सूट मिळत नाही, हे तिथेच ठरून गेले.

मराठीत थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. एकोणिसाव्या शतकात मिशनांबरोबर पाश्चात्त्य चाली आल्या. त्यांत मराठी शब्द बसवताना ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होई. कृ. र. सांगळे यांची पदे व कीर्तने आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांची भजने-अभंग यांमुळे मंडळीला स्वतःच्या वळणाचे गाणे मिळाले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात दोन्ही प्रवाह आहेत, आणि एकाच रविवारी ऑर्गनवरचे गीत व पेटी-तबल्यावरचे भजन दोन्ही नीट उभे करणे संचालकाला जमावे लागते.

खरी कसोटी पट्टीची. स्त्री-पुरुष, म्हातारी माणसे, मुले सगळी एकदम गाणार. संचालकाच्या गळ्याला सोयीची उंच पट्टी धरली, की दुसऱ्या कडव्यापासून मागचे बाक गप्प होतात. ध्वनिक्षेपकामुळे ही शांतता पुढे उभ्या असलेल्याला ऐकूही येत नाही. त्याचा आवाज कितीही गोड असो, मंडळी गात नसेल तर उपासनेची मैफल झाली, असेच म्हणावे लागते. जाणते संचालक सूर लावून देतात, पहिली ओळ झाली की आवाज आवरतात आणि वेग मंडळीच्या श्वासावर ठेवतात.

नागपूर येथे १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट अशा अनेक परंपरा एकत्र आल्या. त्यामुळे कोणाला छापील प्रार्थनाक्रम हवा असतो, कोणाला उत्स्फूर्त प्रार्थना. शुभ शुक्रवारी क्रुसावरील सात उद्गारांवर तीन तास उपासना चालते. वक्ते अनेक असले तर त्यांना जोडणारी गीते निवडणे हे एकट्या संचालकाचे काम असते.

त्याहून अवघड असतो दफनविधीनंतरचा रविवार. शोकात असलेले घर त्याच बाकांवर बसलेले असते आणि उपासनेचा क्रम स्तुतिगीताने सुरू व्हायचा असतो. अशा वेळी विलापाची स्तोत्रे वगळून आनंदगीतेच घेणे चूक आहे. स्तोत्रसंहितेत विलापही परमेश्वरापुढेच मांडलेला आहे. त्यासाठी आठवडाभर कोणाच्या घरी काय घडले, हे संचालकाला माहीत असावे लागते. घरभेटी हा त्याच्या तयारीचाच भाग होय.