दहा वर्षांची भिशी, बॉस्टनची



भिशी आपल्याला नवीन नाही. पण भिशीचे पैसे फिरून आपल्याच घरी येतात. अमेरिकेतल्या बायकांनी मात्र एके काळी अशी एक वर्गणी चालवली, जिचा नंबर दर वर्षी एकाच घराला लागायचा. ते घर आधी मुंबईत होतं, मग पुण्यात. आणि वर्गणी भरणाऱ्या बहुतेक जणींनी ते कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळताना पाहायला. गेल्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या अडीच वर्षांहून जास्त. पुढच्याच वर्षी आनंदीबाई गेल्या. त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक आलं आणि गावोगावी त्यांची व्याख्यानं सुरू झाली. मागणी एकच होती : बालविधवांसाठी राहायची आणि शिकायची जागा.

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल नावाचे धर्मोपदेशक, पण कार्यकारी मंडळाचा भार ज्युडिथ अँड्र्यूज या बाईंनी वाहिला. खरी ताकद होती ती शहराशहरांतल्या लहान मंडळांची. त्यांना ‘रमाबाई सर्कल’ म्हणत. सभासदांनी दर वर्षी ठरलेली रक्कम द्यायची, आणि ती सलग दहा वर्षं, असं वचन होतं. मी कॉमर्सची, म्हणून माझी नजर या दहा वर्षांवरच अडकते. व्याख्यान ऐकून डोळे भरून येतात तेव्हा पर्समधून मोठी नोट काढणं सोपं असतं. सातव्या वर्षी, कोणी समोर रडत नसताना, तेवढीच रक्कम पाठवणं अवघड. मुलींना मात्र जेवण सातव्या वर्षीही लागतं, शिक्षिकेचा पगारही लागतो. वचन हातात होतं म्हणून पुढचा खर्च बेतता आला. शिवाय वार्षिक अहवाल छापून हिशेब दिला जाई.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. पुढे त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी स्वतः वर्गणी मागत फिरल्या. दुसऱ्यांच्या दानावर शिकलेली बाई दान गोळा करायला उभी राहिली, हे मला फार मोठं वाटतं.

पण सगळं गोड नव्हतं. सदनात धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले रीतिरिवाज पाळावेत, ही सुरुवातीपासूनची अट. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्यांच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मला दोन्ही बाजू कळतात. आपली मुलगी दुसऱ्या धर्माच्या घरी शिकायला ठेवली तर आपल्या मनातही हीच शंका येईल. पण ज्या मुलींना घरी परत नेलं, त्यांच्या शिक्षणाचं पुढे काय, हे किती पालकांनी विचारलं असेल?

बॉस्टनने मात्र रमाबाईंची साथ सोडली नाही. १८९५ मध्ये तर ब्रुकलिनच्या सर्कलने हिंदू विधवांच्या प्रश्नावरून थेट स्वामी विवेकानंदांशी जाहीर वाद घातला! सातासमुद्रापलीकडच्या बायकांना आपल्या विधवांचं कितपत कळत होतं, ही शंका रास्तच आहे. पण वर्गणी त्या भरत होत्या.

१८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. तोवर दुष्काळातल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या होत्या, म्हणजे खर्च वाढलेला. जुनं असोसिएशन विसर्जित झालं आणि त्याच वर्षी अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नावाने नवं उभं राहिलं. वर्गण्या पुन्हा सुरू झाल्या.