घाटावरचे चौकोन

आम्हा आयटीवाल्यांना वाटतं, डेटा आला की प्रश्न सुटला. पश्चिम घाटाची गोष्ट वाचली आणि हा माज जरा उतरला.

२०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळांची समिती नेमली. या मंडळींनी काय केलं, तर अख्ख्या घाटाचे नकाशावर साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडले, उपग्रहांची नि जैवविविधतेची माहिती संगणकावर एकत्र आणली आणि चौकोनांना गुण दिले. त्यावरून संवेदनशीलतेचे तीन स्तर. पण शेवटच्या सीमा ग्रामसभांशी बोलूनच ठरवा, हा त्यांचा आग्रह. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी तर 'आम्हाला संवेदनशील ठरवा' असे ठराव स्वतःहून केले होते!

ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर झाला आणि... कपाटात गेला. माहिती अधिकारात मागितला, तर नकार. एप्रिल २०१२ मध्ये माहिती आयोगाने तो खुला करायला सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मे महिन्यात हरलं. मग तो संकेतस्थळावर आला. इंग्रजीत. ज्याच्या शेतावरून रेघ जाणार, त्याने तो वाचायचा कसा?

पुढे कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून नवी रेघ ओढली, घाटाचा साधारण ३७ टक्के भाग. नकाशा बारीक झाला, ग्रामसभा मात्र मागे पडली. २०२४ मध्ये अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला!

असो. नकाशा काढणं सोपं हो, तो गावाच्या भाषेत गावापुढे ठेवणं हे खरं काम. ते आपल्यालाही जमलेलं नाही.