रिता खजिना आणि डळमळीत धनी : नागपूरकर भोसल्यांची अखेरची वर्षे (१८०३–१८१८)

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य बुडाले त्याचा दोष आपले इतिहासकार बहुधा आप्पासाहेबांच्या चंचलपणावर ठेवतात. तो दोष खरा आहे. परंतु तो पुरेसा नाही. सीताबर्डीच्या लढाईपूर्वी चौदा वर्षे हे राज्य टंचाईत दिवस काढीत होते, हे ध्यानी घेतल्यावाचून तिचा उलगडा होत नाही.

डिसेंबर १८०३ मधील देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींचा कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेला. सुमारे एकतृतीयांश मुलूख हातचा गेला, तरी दरबारचा खर्च त्या प्रमाणात आटला नाही. ही तूट उरलेल्या मुलखातून भरून काढावयाची असे रघूजींनी ठरविले. गावांवरील सारा वाढला, नवे कर बसले, फौजेचे पगार थकले. आणि पगार थकलेला शिपाई आपल्याच रयतेला लुटून पोट भरू लागला. १८११ साली पेंढाऱ्यांनी नागपूरची उपनगरे जाळली, तेव्हा त्यांना अडविण्यास ही फौज कामी आली नाही. गावोगावच्या गढ्यांपैकी बऱ्याचशा याच काळातल्या आहेत. रघूजींना ‘मोठा बनिया’ म्हणत, यातील कडवटपणा येथून समजावा.

वैनगंगेच्या पूर्वेस, आज गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या तिरोडा–बोदलकसा भागात, या धोरणाचा परिणाम निराळ्या रीतीने पाहावा लागतो. बोदलकसाचा मोठा जलाशय विसाव्या शतकातला. परंतु तळ्याच्या पाण्यावर धान पिकविण्याची या भागाची रीत फार जुनी. तळ्याची पाळ आज दुरुस्त केली तर तिचे फळ पुढील कित्येक वर्षे मिळत राहते. चालू सालचा वसूल वाढवू पाहणारे सरकार अशा कामाला पोषक नसते, हे सांगण्यास निराळा पुरावा नको.

मार्च १८१६ मध्ये रघूजी वारले. पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने पंगू. म्हणून कारभार पुतण्या आप्पासाहेबांकडे आला. वाड्यातील प्रतिपक्षाची धास्ती असल्याने त्यांनी मे महिन्यातच कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. ज्या खजिन्यातून स्वतःच्या शिपायांचे पगार निघत नव्हते, त्यावर साडेसात लाख रुपयांचा वार्षिक बोजा चढला! १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजींचा खून झाला आणि आप्पासाहेब गादीवर बसले. त्यानंतर एकीकडे रेसिडेंट जेन्किन्सशी स्नेह, दुसरीकडे पेशव्यांशी संधान, असा त्यांचा क्रम होता.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीवर तोंड लागले. भोसल्यांकडे सुमारे १८,००० लोक. कंपनीकडे दीड हजारांहून कमी. भोसल्यांच्या बाजूने जे खरे झुंजले ते मुख्यतः अरब. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पराभव झाला आणि हल्ला आपल्या हुकुमावाचून झाल्याचे आप्पासाहेबांनी कळविले. १६ डिसेंबरला ते रेसिडेन्सीत गेले. फौजेने मात्र तोफा सुखासुखी स्वाधीन केल्या नाहीत. धनी शरण गेल्यावरही अरब शहर धरून बसले आणि महिनाअखेरीस कुटुंबकबिला व मालमत्ता सुखरूप नेण्याच्या अटीवरच बाहेर पडले. म्हणजे शहर सोडण्याचा करार राजाने नव्हे, भाडोत्री शिपायांनी केला.

इटलीतील नगरराज्यांचे अभ्यासक येथे फ्लोरेन्स आठवतील. १५१२ मध्ये भुकेलेली स्पॅनिश फौज प्रातोपुढे उभी असता सोदेरिनीच्या सरकारने तडजोडीत चालढकल केली. प्रातो लुटले गेले आणि सोदेरिनीला नगर सोडावे लागले. साम्य ओढूनताणून दाखवू नये. तेथे भूक शत्रूच्या छावणीत होती, नागपुरास ती घरातच होती. सोदेरिनीजवळ निदान नागरिकांतून उभारलेले सैन्य होते, आप्पासाहेबांजवळ तेही नव्हते.

तरीही राज्यात निष्ठा उरलीच नव्हती असे म्हणता येत नाही. १८१८ मध्ये आप्पासाहेब कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात फिरत असता, गोंदियाजवळील कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल त्यांच्या पक्षाने उठला. कंपनीने फौज पाठवून कामठा घेतला, आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली.