जुने संगणक, मुक्त प्रणाली आणि मराठी अक्षर

भुशीचे धरण रेल्वेने बांधले ते बाष्पइंजिनांना पाणी पुरविण्यासाठी. 1929-30 च्या सुमारास पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि ती गरज ओसरली. धरण मात्र राहिले व निराळ्या कामी आले. संगणकाच्या वाट्यास असे उत्तरायुष्य सहसा येत नाही. यंत्र धडधाकट असतानाच त्यावरील कार्यप्रणालीचा निर्माता आपला हात काढून घेतो. विंडोज एक्सपीच्या बाबतीत हे 8 एप्रिल 2014 रोजी घडले, विंडोज 10 च्या बाबतीत 14 ऑक्टोबर 2025 रोजी. अशा यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसविणे हा काटकसरीचा उपाय म्हणून सांगितला जातो. मराठीच्या इतिहासात मात्र त्याचे महत्त्व काटकसरीपुरते नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

संगणकावर मराठी प्रथम आली ती यंत्राला जखडलेली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवावे लागे. कार्ड नाही तर देवनागरी नाही. 1991 साली इस्की ही संकेतपद्धती भारतीय मानक म्हणून मान्य झाली, तथापि व्यवहारात निरनिराळ्या विक्रेत्यांच्या टंकांनी आपापले संकेत चालविले. एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या कार्यालयात निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटे. युनिकोडने संकेतांचा प्रश्न सोडविला. पण जोडाक्षरे पडद्यावर जुळविण्याचे काम उरलेच. मुक्त प्रणालींत ते पँगो नामक आज्ञावलीने केले. 2002 सालच्या जीटीके 2.0 पासून ती गनोम मेजपटाचा पाया झाली. 2004 साली रेड हॅटने लोहित टंक मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. येथे अक्षर यंत्रापासून सुटले.

ह्याचा प्रत्यय भुशीपासून फार दूर नसलेल्या एका गावी आला. घाट उतरून कर्जत तालुक्यात गेल्यावर खैराट ही वस्ती लागते. तेथील प्राथमिक शाळेत 2007 साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचे एक्सओ संगणक मुलांच्या हाती दिले गेले. भारतातील ह्या उपक्रमाचा हा पहिला प्रयोग होय. त्या यंत्राची गती 433 मेगाहर्ट्‌झ, स्मृती 256 मेगाबाइट, म्हणजे त्या काळी कार्यालयांतून बाद होणाऱ्या संगणकाएवढीच. तरीही फेडोरा लिनक्स आणि शुगर हा मेजपट त्यावर चालला, आणि शुगरमधील अक्षरजुळणी पँगोचीच होती. यंत्राचे दुर्बळपण मराठीच्या आड आले नाही.

आज जुन्या संगणकावर अशी प्रणाली बसविणाऱ्याने एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका मेजपट निवडावा, हे सर्वश्रुत आहे. मेजपट उघडताच ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द टंकून पाहावेत. दोहोंतील र निराळा दिसला नाही, तर टंक बदलावा. (आमच्या मते मराठी टंकाची ह्याहून सोपी कसोटी नाही.) मुक्त प्रणालींचा आधारही अनंत नाही, हे मान्य केले पाहिजे. लिनक्सच्या गाभ्याने 80386 प्रोसेसर 2012 साली सोडला. डेबियनच्या 2025 सालच्या तेराव्या आवृत्तीत 32-बिट संगणकांसाठी स्वतंत्र संस्थापना उरलेली नाही. परंतु जुनी आवृत्ती, तिची मूळ आज्ञावली आणि ती बदलण्याचा अधिकार हे कोणी परत घेऊ शकत नाही.

विद्यापीठीय विभागांना भीती आहे ती दुसऱ्याच ठिकाणी. नवी प्रणाली बसविताना जुनी चकती पुसली जाते. तिच्यावरील प्रबंध, सूची आणि क्षेत्रनोंदी अनेकदा जुन्या टंकसंकेतांत असतात. नुसती फाइल उतरवून घेतली आणि टंक मागे राहिला, तर ती वाचण्याची किल्लीच हरवते. म्हणून प्रथम मजकूर व टंक दोन्ही उतरवावेत, त्या टंकाची संकेतसारणी करून ठेवावी, मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून काही पाने मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावीत, आणि मगच चकतीला हात लावावा.