शब्द तोच, इंधन वेगळे

वऱ्हाडातील विमानविद्येचा इतिहास सांगताना आपण बहुधा धावपट्ट्यांपासून आरंभ करतो. अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी १९४३ची, अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची १९९२ची. विमानाच्या टाकीत काय भरले जाई, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आमच्या मते खरा इतिहास तेथेच दडलेला आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूस उतरले. अहमदाबादेत त्यांच्या 'पस मॉथ'साठी बर्मा शेलचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आले होते. त्या काळच्या लहान इंजिनांत इंधनावर पडणारा दाब कमी असे आणि सुमारे सत्तर ऑक्टेनचे पेट्रोल त्यांना पुरत असे. मोटार आणि विमान यांचे अन्न तेव्हा जवळजवळ एकच होते.

पुढे वाटा फुटल्या. अधिक शक्तीसाठी दाब वाढवला की पेट्रोल अवेळी पेटते आणि इंजिनात ठोके बसू लागतात. शिशाचे एक संयुग मिसळल्यास हे ठोके थांबतात, हा शोध १९२१ साली अमेरिकेत लागला. दुसऱ्या महायुद्धात शंभर ऑक्टेनचे इंधन लढाऊ विमानांचे बळ ठरले. शांततेच्या काळात मात्र त्याचा जाच लहान यंत्रांना झाला. 'सेसना १५०' हे शिकाऊंचे विमान ऐंशी ऑक्टेनच्या इंधनासाठी घडवलेले होते. ते इंधन दुर्मीळ होताच त्याच्या टाकीत चौपट शिसे असू शकणारे '१०० एलएल' येऊ लागले आणि स्पार्क प्लगवर शिशाची पुटे चढू लागली. म्हणून १९८२ साली अमेरिकेत या विमानात मोटारीचे पेट्रोल वापरण्यास रीतसर मान्यता मिळाली. वरवर पाहता ही काटकसर वाटते. वस्तुतः ते जुन्या इंजिनाचे आपल्या मूळ आहाराकडे परतणे होते.

पण पेट्रोलही तेच उरले नव्हते. भारतात २००० साली मोटारीच्या पेट्रोलमधून शिसे गेले. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल आले आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाणी शोषते. उंचीवरच्या थंडीत ते पाणी घेऊन पेट्रोलपासून वेगळे होऊ शकते. जुन्या रबरी नळ्यांनाही ते सोसत नाही. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला कडा नसते. म्हणूनच १९८२च्या त्या मान्यतेत अल्कोहोलमिश्रित पेट्रोल वर्ज्य आहे. पंपावरची पाटी न बदलता आतला पदार्थ बदलला, आणि जुन्या इंजिनाची परतीची वाट आपल्याकडे पुन्हा बंद झाली.

विमानाचे पेट्रोल तर २०२२ पर्यंत भारत पूर्णतः आयात करी. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्यास तयार केले. इकडे बेलोऱ्याच्या नियोजित वैमानिक-शाळेसाठी एअर इंडियाने २०२५ साली मागवलेली चौतीस विमाने पेट्रोल मागतच नाहीत. ती जेट इंधनावर चालतात. अमरावतीने हा पेच सोडवला नाही, ओलांडला.

आम्ही वर्गात अर्थांतर शिकवतो, तेव्हा जुन्या ग्रंथांतील शब्द आजच्या अर्थाने वाचू नका, असे बजावतो. 'पेट्रोल' या शब्दालाही तोच नियम लागू आहे. येथे चुकीच्या वाचनाची किंमत गुणांत मोजली जात नाही, इतकेच.